दूरचित्रवाणी रेकॉर्डरमधील हार्ड डिस्क बदल

दूरचित्रवाणी रेकॉर्डरमधील हार्ड डिस्क बदल म्हणजे घरगुती डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये किंवा रेकॉर्डिंगची सोय असलेल्या सेट-टॉप बॉक्समध्ये मूळ हार्ड डिस्कच्या जागी अधिक क्षमतेची अथवा नवी डिस्क बसवणे. रेकॉर्डिंगसाठी जागा अपुरी पडणे आणि जुनी डिस्क नादुरुस्त होणे ही या बदलाची दोन मुख्य कारणे आहेत. डिस्क हा रेकॉर्डरमधील सर्वाधिक झिजणारा भाग असल्याने उर्वरित यंत्र सुस्थितीत असतानाही ती बदलण्याची वेळ येते.

नवी डिस्क बसवल्याने भावी रेकॉर्डिंगसाठी जागा वाढते. मात्र जुनी रेकॉर्डिंग नव्या डिस्कवर येतीलच असे नसते. सशुल्क उपग्रह सेवांचे बॉक्स कार्यक्रम कूटबद्ध स्वरूपात साठवतात आणि ते उलगडण्याची किल्ली त्या विशिष्ट बॉक्सशी जोडलेली असते. त्यामुळे डिस्क ग्राहकाच्या घरात असली, तरी तिच्यावरील मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाही. महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यासारख्या किनारी प्रदेशात दमट व खारी हवा, मुसळधार पाऊस आणि खंडित होणारा वीजपुरवठा यांमुळे डिस्कचे आयुष्य व रेकॉर्डिंगची गुणवत्ता या दोन्हींवर परिणाम होतो.

संज्ञा

मराठीत या यंत्रासाठी एकच रूढ शब्द नाही. ‘डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर’ किंवा ‘डीव्हीआर’ हे शब्द सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासाठीही वापरले जातात. घरगुती वापरात ‘रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स’ किंवा नुसताच ‘बॉक्स’ असे म्हटले जाते. उपग्रहाचे संकेत ग्रहण करणाऱ्या तबकडीला बोलीभाषेत ‘छत्री’ किंवा ‘डिश’ म्हणतात. या लेखात ‘रेकॉर्डर’ हा शब्द अंतर्गत किंवा बाह्य हार्ड डिस्कवर दूरचित्रवाणी कार्यक्रम साठवणाऱ्या यंत्राच्या अर्थाने वापरला आहे.

पार्श्वभूमी

फितीपासून डिस्कपर्यंत

घरी कार्यक्रम मुद्रित करण्याची सोय प्रथम चुंबकीय फितीच्या रेकॉर्डरमुळे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली. जेव्हीसी या जपानी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. या पद्धतीत साठवण वाढवण्यासाठी नवी कॅसेट घेणे पुरेसे असे. एका यंत्रावर मुद्रित केलेली कॅसेट त्याच पद्धतीच्या दुसऱ्या यंत्रावर चालत असे. तथापि दमट हवामानात फितीवर बुरशी धरत असल्याने कोकणासारख्या प्रदेशात कॅसेट दीर्घकाळ टिकवणे अवघड होते.

हार्ड डिस्कवर मुद्रण करणारे पहिले घरगुती रेकॉर्डर १९९९ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. टिव्हो आणि रिप्ले टीव्ही हे त्यांतील प्रमुख होत. टिव्होच्या सुरुवातीच्या लहान नमुन्यात सुमारे १४ तासांचे मुद्रण मावत असे. त्याची कार्यप्रणाली लिनक्सवर आधारलेली होती आणि डिस्क संगणकातील नेहमीच्या आयडीई प्रकारची होती. त्यामुळे तंत्रप्रेमी वापरकर्त्यांनी बॉक्स उघडून दुसरी डिस्क जोडण्याचे किंवा मूळ डिस्क बदलण्याचे प्रयोग लवकरच सुरू केले. या यंत्रात बाइट उलट क्रमाने लिहिले जात असल्याने संगणकावरील सामान्य साधनांना ती डिस्क वाचता येत नसे. त्यासाठी स्वतंत्र आज्ञावल्या लिहिल्या गेल्या. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये सुरू झालेल्या स्काय प्लस सेवेच्या बॉक्सबाबतही असाच छंद फोफावला.

भारतातील प्रसार

भारतात घरपोच उपग्रह सेवा डिश टीव्हीने २००३ मध्ये सुरू केली. प्रसार भारतीची डीडी डायरेक्ट प्लस ही निःशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये आली. पुढे ती डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाऊ लागली. टाटा स्कायने २००६ मध्ये सेवा सुरू केली आणि २००८ मध्ये टाटा स्काय प्लस हा अंतर्गत हार्ड डिस्क असलेला बॉक्स बाजारात आणला. थेट प्रक्षेपण थांबवणे, मागे नेणे आणि एक वाहिनी पाहत असताना दुसरी मुद्रित करणे या सोयी त्यामुळे अनेक भारतीय घरांना प्रथमच मिळाल्या. पुढील काळात डिश टीव्ही, एअरटेल डिजिटल टीव्ही व व्हिडिओकॉन डीटूएच यांच्या काही एचडी बॉक्सना बाह्य यूएसबी डिस्क जोडून मुद्रण करण्याची सोय देण्यात आली.

सिंधुदुर्ग जिल्हा

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. सह्याद्रीचे उतार, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या अशी येथील भूरचना आहे. भूप्रक्षेपणाच्या दूरचित्रवाणी लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने डोंगराआडच्या वाड्यांत त्या क्षीण होतात. विखुरलेल्या घरांपर्यंत केबल नेणेही खर्चिक ठरते. त्यामुळे अशा वस्त्यांसाठी उपग्रह सेवा सोयीची ठरली. केबल सेवेच्या सक्तीच्या डिजिटायझेशनचा चौथा व अखेरचा टप्पा ग्रामीण भागांसाठी होता. त्याची अंतिम मुदत ३१ मार्च २०१७ होती.

जिल्ह्याशी संबंधित कार्यक्रमांमुळे घरी मुद्रण करून ठेवण्याला एक स्थानिक कारणही मिळाले. आकेरी येथे चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही झी मराठीवरील मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. ती रात्री साडेदहा वाजता प्रसारित होत असे आणि तिचे पहिले पर्व त्या वर्षीच्या संपूर्ण पावसाळ्यात चालू होते. उशिराची वेळ, पावसाने तुटणारा संकेत आणि जाणारी वीज या तीनही अडचणी अशा कार्यक्रमाच्या मुद्रणाशी थेट संबंधित असतात. यांपैकी फक्त पहिलीवर रेकॉर्डर हा पुरेसा उपाय आहे.

रचना व कार्य

उपग्रहाकडून येणारा कार्यक्रम आधीच डिजिटल व संक्षेपित स्वरूपात असतो. जुन्या एसडी वाहिन्यांसाठी प्रामुख्याने एमपेग-२ आणि नंतरच्या सेवांसाठी एमपेग-४ ही संक्षेपण पद्धत वापरली जाते. रेकॉर्डरमधील ट्यूनर निवडलेल्या वाहिनीचा डेटाप्रवाह वेगळा करतो आणि तो पुन्हा संक्षेपित न करता डिस्कवर लिहिला जातो. त्यामुळे मुद्रणाचा दर्जा मूळ प्रक्षेपणाइतकाच राहतो. डिस्क मोठी केल्याने चित्र अधिक स्पष्ट होत नाही. फक्त अधिक तास मावतात.

थेट प्रक्षेपण थांबवण्याची सोय देण्यासाठी बहुतेक रेकॉर्डर पाहिली जात असलेली वाहिनी डिस्कच्या राखीव भागात सतत लिहीत राहतात. या भागाला बफर म्हणतात. कोणताही कार्यक्रम मुद्रित होत नसतानाही डिस्क चालू असते, ती यामुळेच. संगणकातील डिस्क दिवसातील बराच काळ निष्क्रिय असते. रेकॉर्डरमधील डिस्कला मात्र चोवीस तास लेखन करावे लागू शकते. तिची झीज लवकर होण्याचे हे प्रमुख कारण आहे.

डिस्कवर सामान्यतः तीन प्रकारचा मजकूर असतो: यंत्राची आज्ञावली अथवा तिच्या फाइल्स, मुद्रित कार्यक्रम व त्यांची सूची, आणि बफरसाठी तसेच सेवादात्याकडून पाठवल्या जाणाऱ्या चित्रपटांसाठी राखीव जागा. काही यंत्रांत आज्ञावली स्वतंत्र फ्लॅश चिपवर असते. अशा यंत्रात कोरी डिस्क बसवली तरी ते सुरू होते. आज्ञावली डिस्कवरच असल्यास कोऱ्या डिस्कने यंत्र सुरूच होत नाही.

साठवण क्षमता आणि मुद्रणाचा कालावधी

एका तासाच्या मुद्रणाला लागणारी जागा डेटाप्रवाहाच्या वेगावर अवलंबून असते. प्रति सेकंद ४ मेगाबिट वेगाच्या एसडी वाहिनीचा एक तास सुमारे १.८ जीबी जागा घेतो. प्रति सेकंद ८ मेगाबिट वेगाच्या एचडी वाहिनीचा एक तास सुमारे ३.६ जीबी घेतो. या हिशेबाने सर्व जागा मुद्रणासाठी मोकळी आहे असे मानल्यास पुढील कालावधी मिळतो.

१६० जीबी डिस्क: एसडी सुमारे ८९ तास, एचडी सुमारे ४४ तास
५०० जीबी डिस्क: एसडी सुमारे २७८ तास, एचडी सुमारे १३९ तास
१ टीबी डिस्क: एसडी सुमारे ५५६ तास, एचडी सुमारे २७८ तास

प्रत्यक्षात राखीव भागामुळे यापेक्षा कमी तास मिळतात. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर अनेक संगणकप्रणाली १०२४ च्या पटीत मोजतात. त्यामुळे ५०० जीबीची डिस्क संगणकावर सुमारे ४६५ जीबी दिसते. तो डिस्कमधील दोष नसतो.

क्षमतेच्या मर्यादा

जुन्या यंत्रांत हव्या तितक्या मोठ्या डिस्कचा उपयोग होत नाही. डिस्कवरील प्रत्येक खंडाला क्रमांक देण्यासाठी २८ बिट वापरणाऱ्या प्रणालीला सुमारे १३७ जीबीपलीकडील जागा ओळखता येत नाही. पहिल्या पिढीतील टिव्होला ही मर्यादा लागू होती. ३२ बिट वापरणाऱ्या विभाजन सारणीची मर्यादा सुमारे २.२ टीबी आहे. फॅट३२ या फाइलप्रणालीत एका फाइलचा आकार ४ जीबीहून मोठा असू शकत नाही. प्रति सेकंद ४ मेगाबिट वेगाने ही मर्यादा सुमारे २ तास २३ मिनिटांत गाठली जाते. म्हणून पेन ड्राइव्हवर मुद्रण करणारे साधे बॉक्स लांब नाटकाचे वा क्रिकेट सामन्याचे मुद्रण अनेक तुकड्यांत साठवतात.

डिस्कची निवड

बदली डिस्क निवडताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

जोडणी: जुन्या यंत्रांत रुंद पट्टीची आयडीई, तर नंतरच्या यंत्रांत साटा जोडणी असते. आयडीई डिस्कवरील जम्पर मूळ डिस्कप्रमाणेच लावावा लागतो.

आकार व वीज: ३.५ इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. यंत्राचा वीजपुरवठा तेवढा सक्षम नसल्यास डिस्क फिरू लागताच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते. २.५ इंची डिस्कला बरीच कमी वीज लागते.

वेग व उष्णता: मुद्रणासाठी मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क आवश्यक नसते. दोन एचडी वाहिन्या लिहिताना आणि तिसरा कार्यक्रम वाचतानाही एकूण वेग सेकंदाला ३ मेगाबाइट इतकाच होतो. कमी फेऱ्यांची डिस्क कमी तापते व कमी आवाज करते.

चुकांची हाताळणी: संगणकासाठीची सामान्य डिस्क खराब खंड वाचण्याचा प्रयत्न बराच वेळ करत राहते. तेवढ्यात चित्र थांबते किंवा मुद्रणात खंड पडतो. दृक्-श्राव्य वापरासाठीच्या डिस्क असा प्रयत्न लवकर सोडून प्रवाह चालू ठेवतात. सीगेटची पाइपलाइन एचडी आणि वेस्टर्न डिजिटलची एव्ही-जीपी या मालिका या वापरासाठी होत्या. सीसीटीव्हीसाठी विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटल पर्पल व सीगेट स्कायहॉक या डिस्कही सतत लेखनासाठी बनवलेल्या आहेत. सीसीटीव्हीची दुकाने तालुक्याच्या गावीही असल्याने त्या तुलनेने सहज मिळतात.

सॉलिड स्टेट डिस्क: हिच्यात फिरणारे भाग नसतात, पण एकूण लेखनाला मर्यादा असते. प्रति सेकंद ८ मेगाबिट वेगाची एक वाहिनी सतत लिहिल्यास दिवसाला सुमारे ८६ जीबी आणि वर्षाला सुमारे ३१.५ टीबी लेखन होते. ३०० टीबी लेखनमर्यादा असलेली डिस्क या हिशेबाने सुमारे साडेनऊ वर्षे पुरते. दोन वाहिन्या सतत लिहिल्यास हा काळ निम्मा होतो.

बदलाच्या पद्धती

कोरी डिस्क बसवणे

ही सर्वांत सोपी पद्धत आहे. यंत्र विजेपासून तोडून व झाकण काढून मूळ डिस्कच्या जागी नवी डिस्क बसवली जाते. यंत्र सुरू झाल्यावर ते स्वतः डिस्कची मांडणी करते. आज्ञावली फ्लॅश चिपवर असलेल्या आणि उत्पादकाने डिस्कवर बंधन न घातलेल्या यंत्रांतच ही पद्धत चालते. काही यंत्रे ठरावीक डिस्कचाच अनुक्रमांक किंवा परवलीचा शब्द तपासतात. या पद्धतीत जुनी मुद्रणे नव्या डिस्कवर येत नाहीत.

प्रत काढून बसवणे

जुन्या डिस्कवरील प्रत्येक खंड नव्या डिस्कवर जसाच्या तसा उतरवला जातो. यासाठी दोन्ही डिस्क संगणकाला जोडून डीडी किंवा जीएनयू डीडीरेस्क्यू यांसारख्या आज्ञावल्या वापरतात. डीडीरेस्क्यू प्रथम सुस्थितीतील खंड उतरवते आणि खराब खंडांकडे नंतर वळते. म्हणून मरणासन्न डिस्कसाठी ती अधिक योग्य आहे. सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने ५०० जीबी डिस्कची प्रत काढण्यास सुमारे ८३ मिनिटे लागतात. खराब खंड असल्यास हा काळ अनेक तासांवर जातो.

प्रत काढल्यानंतर नव्या डिस्कवरील वाढीव जागा आपोआप वापरात येत नाही, कारण विभागांचे आकारही जसेच्या तसे उतरलेले असतात. मुद्रणाचा विभाग वाढवण्याची सोय यंत्राच्या प्रणालीत किंवा त्यासाठी लिहिलेल्या साधनात असेल, तरच क्षमता वाढते. प्रत काढताना संगणकाच्या कार्यप्रणालीने ‘डिस्क वापरण्यायोग्य करण्यासाठी फॉरमॅट करा’ असे सुचवल्यास ते मान्य केल्याने जुना मजकूर नष्ट होण्याचा धोका असतो. रेकॉर्डरची फाइलप्रणाली त्या संगणकाला अपरिचित असते, एवढाच त्या सूचनेचा अर्थ असतो.

बाह्य डिस्क जोडणे

यूएसबीद्वारे मुद्रणाची सोय असलेल्या बॉक्सला बाह्य डिस्क जोडल्यास यंत्र उघडावे लागत नाही. पहिल्यांदा जोडताना अनेक बॉक्स ती डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतात. तिच्यावर आधी असलेली छायाचित्रे किंवा कागदपत्रे त्यात पुसली जातात. भारतातील ग्राहकांसाठी क्षमता वाढवण्याचा हा सर्वांत व्यवहार्य मार्ग ठरला आहे.

सुरक्षितता

वीजपुरवठा यंत्राच्या आतच असल्यास प्लग काढल्यानंतरही त्यातील धारित्रांत काही काळ घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे त्या भागाला स्पर्श करणे टाळले जाते. डिस्कच्या मंडलपट्टीला हात लावण्यापूर्वी शरीरातील स्थिरविद्युत भूसंपर्कित धातूला स्पर्श करून काढून टाकतात. फिरणारी डिस्क हलवल्यास किंवा आपटल्यास वाचनशीर्ष तबकडीवर घासू शकते. म्हणून वीज बंद केल्यावर ती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी लागते.

कूटबद्धता आणि जुनी मुद्रणे

सशुल्क वाहिन्यांचा संकेत कूटबद्ध असतो आणि तो उलगडण्याचा अधिकार ग्राहकाच्या स्मार्ट कार्डात किंवा बॉक्समधील चिपमध्ये नोंदलेला असतो. मुद्रणाच्या वेळी कार्यक्रम त्याच कूटस्वरूपात किंवा बॉक्सच्या स्वतःच्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध करून डिस्कवर लिहिला जातो. ही किल्ली डिस्कवर नसते.

यातून तीन परिणाम संभवतात. पहिला, डिस्कची हुबेहूब प्रत त्याच बॉक्समध्ये चालू शकते, परंतु दुसऱ्या बॉक्समध्ये किंवा संगणकावर चालत नाही. दुसरा, बॉक्स जळाला व डिस्क शाबूत राहिली, तरी मुद्रणे निरुपयोगी होतात. तिसरा, वर्गणी थांबल्यावर किंवा सेवादाता बदलल्यावर जुनी मुद्रणे पाहता न येण्याची शक्यता असते. डिस्क सुटी करून जपून ठेवणे हा मुद्रणे जपण्याचा मार्ग ठरत नाही, तो या कारणांमुळे. या बाबतीत व्हीएचएस कॅसेट अधिक मोकळी होती.

निःशुल्क व कूटबद्ध नसलेल्या वाहिन्यांची स्थिती वेगळी आहे. फ्री डिशसाठी वापरले जाणारे अनेक साधे बॉक्स अशा वाहिनीचा प्रवाह पेन ड्राइव्हवर उघड्या फाइलच्या रूपात लिहितात. ती फाइल संगणकावर उघडता येते, दुसऱ्या डिस्कवर उतरवता येते आणि बॉक्स बिघडला तरी शिल्लक राहते. कमी किमतीच्या बॉक्सवरील मुद्रण महागड्या रेकॉर्डरवरील मुद्रणापेक्षा दीर्घकाळ टिकू शकते, असा हा विरोधाभास आहे.

सिंधुदुर्ग किनारपट्टीवरील परिस्थिती

पाऊस व संकेत

जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. घरगुती उपग्रह सेवा केयू पट्ट्यातील लहरी वापरतात; या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात. मुसळधार सरीत चित्र चौकटीचौकटींनी तुटते किंवा नाहीसे होते. त्या वेळी चालू असलेल्या मुद्रणातही तेवढा खंड कायमचा राहतो. मोठ्या किंवा नव्या डिस्कने हा दोष दूर होत नाही. मुद्रण तुटक येत असल्यास डिस्क बदलण्यापूर्वी ते फक्त पावसातच तुटते की कोरड्या दिवशीही, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत. मालवणहून हे स्थान दक्षिण-आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंचीवर येते. इतक्या उंचीमुळे लहरींचा पावसातून जाणारा मार्ग आखूड राहतो. मात्र घराजवळच्या उंच माडांच्या झावळ्या वाऱ्याने छत्रीसमोर येऊन संकेत अधूनमधून तोडू शकतात. अशा खंडांचे स्वरूप डिस्कच्या बिघाडासारखेच दिसते.

वीजपुरवठा व आकाशातील वीज

मान्सूनपूर्व वळिवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाटी वादळे होतात. विजेचा लोळ प्रत्यक्ष घरावर पडला नाही, तरी छत्रीच्या तारेतून किंवा वीजवाहिनीतून आलेला उच्च दाब बॉक्स जाळू शकतो. यावर छत्रीच्या खांबाचे भूसंपर्कन आणि वादळात प्लग व छत्रीची तार दोन्ही काढून ठेवणे हे उपाय आहेत. केवळ रिमोटने बॉक्स बंद केल्याने संरक्षण मिळत नाही.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून गेले. त्या वेळी खांब व तारा पडून जिल्ह्यातील अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला होता. वीज अचानक गेल्यावर आधुनिक डिस्क आपले वाचनशीर्ष सुरक्षित जागी नेते. पण लिहिली जात असलेली फाइल किंवा सूची अर्धवट राहू शकते. वीज वारंवार जाऊन येत राहिल्यास डिस्क पुनःपुन्हा फिरू लागते व थांबते, आणि त्यातून यांत्रिक झीज वाढते. लहान यूपीएस किंवा घरातील इन्व्हर्टरवर बॉक्स जोडल्यास हे टळते.

दमट व खारी हवा

सामान्य हार्ड डिस्क हवाबंद नसते. आतील व बाहेरील दाब समान राहण्यासाठी तिला गाळणी लावलेले सूक्ष्म छिद्र असते. हेलियम भरलेल्या मोठ्या क्षमतेच्या डिस्क याला अपवाद आहेत. बाहेरील छिद्रावर चिकटपट्टी किंवा लेबल लावू नये, अशी सूचना याच कारणाने डिस्कवर छापलेली असते. गाळणीमुळे धूळ अडते, पण बाष्प पूर्णपणे अडत नाही.

खाऱ्या हवेचा मारा प्रथम बाहेरील मंडलपट्टी व जोडण्यांवर होतो. मंडलपट्टी व डिस्कचे अंतर्भाग यांना जोडणारी संपर्कस्थळे काळी पडल्यास डिस्क मधूनच ओळखली जात नाही किंवा वाचनाच्या चुका वाढतात. अशा वेळी तंत्रज्ञ संपर्कस्थळे खोडरबराने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करतात. काही वेळा एवढ्याने डिस्क बदलण्याची गरज राहत नाही.

चालू यंत्र स्वतःच्या उष्णतेने काही प्रमाणात कोरडे राहते. बंद यंत्राला हा लाभ मिळत नाही. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांची गावाकडील अनेक घरे गणेशोत्सव, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी सोडता बंद असतात. पावसाळाभर बंद खोलीत राहिलेल्या बॉक्सवर ओल साचते आणि गणपतीच्या तोंडावर तो एकाएकी सुरू केल्यास बिघाड होण्याचा संभव असतो. घर बंद करताना बॉक्स सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवणे आणि परतल्यावर काही तास कोरड्या, हवेशीर जागी ठेवून मगच वीज देणे हे साधे उपाय आहेत. याउलट, चालू बॉक्स काचेच्या शोकेसमध्ये कोंडल्यास तो अति तापतो.

कायदेशीर बाजू

भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ३९ नुसार, मुद्रण करणाऱ्या व्यक्तीच्या खासगी वापरासाठी केलेले प्रक्षेपणाचे मुद्रण प्रक्षेपण संस्थेच्या अधिकाराचा भंग ठरत नाही. अध्यापन व संशोधन यांसाठीही याच कलमात सवलत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी विरुद्ध युनिव्हर्सल या खटल्यात, कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण वैध ठरवले होते.

कूटबद्धता तोडणे ही वेगळी बाब आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय निष्फळ करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. खासगी मुद्रणाची विक्री, सार्वजनिक प्रदर्शन किंवा इंटरनेटवरील प्रसार खासगी वापरात मोडत नाही.

याशिवाय अनेक योजनांत बॉक्सची मालकी सेवादात्याकडेच राहते. अशा बॉक्सचे झाकण उघडणे कराराच्या अटींचा भंग ठरू शकते. बॉक्स ग्राहकाच्या मालकीचा असला, तरी मोहोर तोडल्यावर हमी संपुष्टात येण्याची शक्यता असते. त्यामुळे बदलापूर्वी करारपत्र पाहणे आवश्यक ठरते.

जुन्या डिस्कची विल्हेवाट

काढलेली डिस्क नव्या डिस्कवर काही आठवडे मुद्रण सुरळीत होईपर्यंत जपून ठेवणे हितावह असते, कारण मूळ स्थितीत परतण्याचा तोच एक मार्ग असतो. निकामी डिस्क हा ई-कचरा होय. तो नेहमीच्या कचऱ्यात टाकणे किंवा जाळणे अपेक्षित नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार त्याचा पुनर्वापर नोंदणीकृत प्रक्रियाकेंद्रांमार्फत होणे अपेक्षित आहे. बाह्य डिस्कवर घरगुती छायाचित्रे किंवा कागदपत्रे असल्यास ती देण्यापूर्वी संपूर्ण डिस्कवर नवा मजकूर लिहून जुना पुसला जातो.

सद्यस्थिती

दूरचित्रवाणी कार्यक्रम इंटरनेटवर नंतर पाहण्याची सोय वाढल्यापासून घरगुती रेकॉर्डरची गरज कमी झाली आहे. टाटा स्कायने २०२० मध्ये आणलेला बिंज प्लस हा अँड्रॉइड बॉक्स अंतर्गत हार्ड डिस्कऐवजी इंटरनेटवरील सेवांवर भर देणारा होता. २०२२ मध्ये या कंपनीचे नाव टाटा प्ले झाले. इंटरनेटवरील कार्यक्रम मात्र सेवादात्याने ठेवला असेपर्यंतच उपलब्ध असतो आणि त्यासाठी जोडणी अखंड असावी लागते. डोंगराआडच्या ज्या वाड्यांत मोबाइल संकेत क्षीण आहे, तेथे घरातील डिस्कचे महत्त्व काही प्रमाणात टिकून आहे. मालवणी बोलीतील मालिका व प्रादेशिक कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित होतीलच असे नसल्याने, त्यांच्या जतनाच्या दृष्टीने डिस्कच्या क्षमतेइतकाच मुद्रण उघड्या स्वरूपात आहे की कूटबद्ध, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

हे सुद्धा पहा

डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर
सेट-टॉप बॉक्स
हार्ड डिस्क
डीडी फ्री डिश
टाटा प्ले
व्हीएचएस
सिंधुदुर्ग जिल्हा